पहिली ठासणीची बंदूक घेताना: पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला निघालेल्या नवख्यांसाठी

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी आजोबांकडे शेतसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. मी तिला कधी हात लावला नाही. तसलीच बंदूक खांद्याला लावून आपण पेनसिल्व्हेनियाच्या बर्फात उभे राहू, असं तेव्हा स्वप्नातही आलं नव्हतं.

इथे मात्र ठासणीच्या बंदुकीला स्वतःचा हंगाम आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हरणाच्या शिकारीचे काही दिवस फक्त तिच्यासाठी राखून ठेवलेले असतात. तेव्हा जंगलात गर्दी कमी असते. बार एकच असतो, त्यामुळे शिकारी नीट पारखून मगच चाप ओढतो. गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळींपैकी बरेच जण याबद्दल विचारू लागले आहेत, आणि जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "कुठली घेऊ?" मीही तिथूनच सुरुवात केली होती आणि तिथेच चुकलो. बंदूक सगळ्यात शेवटी येते. त्याआधी काय ठरवायचं ते क्रमाने सांगतो.

भारतात हे काहीही करता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे शिकारीला बंदी आहे. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, आणि माझा अनुभव मुख्यतः पेनसिल्व्हेनियाचा आहे.

१. आधी हंगाम ठरवा

माझी चूक इथेच झाली. सप्टेंबरात दुकानात गेलो आणि दुर्बीण बसवलेली, आधुनिक पद्धतीची छान बंदूक घेऊन आलो. ऑक्टोबरच्या हंगामात हरीण दिसलं नाही. म्हटलं, नाताळनंतर पुन्हा हंगाम आहेच. डिसेंबरात नियम वाचायला बसलो तेव्हा कळलं की त्या हंगामात माझी बंदूक चालतच नाही. दुकानदाराने विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तो सबंध हिवाळा बंदूक कपाटात राहिली.

पेनसिल्व्हेनियात ठासणीचे दोन हंगाम असतात. ऑक्टोबरचा हंगाम मादी हरणांसाठी असतो आणि त्यात आधुनिक बंदूक आणि दुर्बीण, दोन्ही चालतात. नाताळनंतरचा हंगाम फक्त चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीचा. तो १९७४ साली सुरू झाला. त्यात बंदूक सन १८०० च्या आधीच्या घडणीची किंवा तिची प्रतिकृती लागते, कॅलिबर, म्हणजे नळीच्या छिद्राचा इंचातला व्यास, .४४ किंवा मोठं लागतं आणि दुर्बीण चालत नाही. हा नियम इथे असण्यामागे इतिहास आहे. अठराव्या शतकात लँकेस्टर आणि आसपासच्या जर्मन कारागिरांनी लांब नळीची, आट्यांची (नळीत आतून पिळाच्या खाचा असलेली) रायफल घडवली. पेनसिल्व्हेनिया लाँग रायफल म्हणतात ती हीच. तिचा मान राज्याने अजून राखला आहे.

दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथलं गणित वेगळं. कोलोरॅडोच्या ठासणी हंगामात दुर्बीण नाही, सॅबो (गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं वेष्टण) नाही, दारूच्या वड्या नाहीत, फक्त सुटी दारू. हरणाला तिथे किमान .४० कॅलिबर चालतं, पण एल्क या मोठ्या हरणाला .५० लागतं. न्यू जर्सीत हरणासाठी नेहमीची काडतुसी रायफल वापरताच येत नाही, त्यामुळे ज्याला रायफल हवी त्याच्यासाठी ठासणीची हाच मार्ग.

म्हणून आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका उघडा आणि ठासणीच्या हंगामाचं पान छापून घ्या. चार गोष्टींखाली रेघ मारा: ठिणगीची कोणती पद्धत चालते, किमान कॅलिबर किती, दुर्बीण चालते का, गोळी आणि दारू कोणती चालते. तो कागद खिशात घेऊनच दुकानात जा. नियम दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा मित्राच्या आठवणीवर विसंबू नका.

२. कागदपत्रं

- शिकार सुरक्षा अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र. पेनसिल्व्हेनियात याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशन म्हणतात आणि तो ऑनलाइनही करता येतो. काही राज्यांत प्रत्यक्ष हजेरी आणि परीक्षा लागते.
- राहत्या पत्त्याचा पुरावा, म्हणजे त्या राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स.
- सोशल सिक्युरिटी क्रमांक.
- शिकारीचा मूळ परवाना आणि त्यावर ठासणीच्या हंगामाचा जोडपरवाना. मादी हरणासाठी वेगळा परवाना लागतो. तो विभागवार विकला जातो आणि काही विभागांत लवकर संपतो.

पेनसिल्व्हेनियात परवान्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं. ही कामं उन्हाळ्यातच उरकून टाका.

व्हिसावर असणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना असणं हा त्याला एक अपवाद. शिवाय काडतूस न चालणारी ठासणीची बंदूक केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत 'फायरआर्म' धरली जात नाही, म्हणून ती अनेक ठिकाणी पार्श्वभूमी तपासणीशिवाय घरपोचही मिळते. ते पाहून निर्धास्त होऊ नका. राज्यांचे कायदे वेगळे आहेत. न्यू जर्सीत खरेदीदाराचं ओळखपत्र लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचं राज्याचं ओळखपत्र लागतं. थॉम्पसन सेंटर कंपनीच्या एन्कोरसारख्या काही बंदुकांच्या सांगाड्यावर काडतुसाची नळीही बसते, त्यामुळे त्या पूर्ण फायरआर्म धरल्या जातात. ग्रीन कार्ड हातात नसेल तर आधी शिकार परवाना घ्या, इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा आणि मगच बंदुकीला हात लावा. यातली चूक एका हंगामापुरती राहत नाही.

३. ठिणगीची पद्धत

हंगाम ठरला की अर्धी निवड आपोआप होते. पद्धती तीन.

आधुनिक पद्धतीला इनलाइन म्हणतात. ठिणगी नळीच्या मागून, सरळ रेषेत दारूवर पडते. टोनी नाइट या बंदूक कारागिराने १९८५ साली एमके-८५ ही बंदूक बाजारात आणली तेव्हापासून ही पद्धत रुजली. आज बहुतेक इनलाइन बंदुकांत २०९ नंबरचा, शॉटगनच्या काडतुसात असतो तो प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, बसतो. पावसात भरवसा ठेवावा अशी हीच, साफ करायलाही सोपी, आणि दुर्बीण बसवून शंभर यार्डांवर नेम धरता येतो. सीव्हीएची वुल्फ किंवा ट्रॅडिशन्सची बकस्टॉकर ही नवख्याला परवडणारी नावं. फक्त ऑक्टोबरात जायचं असेल तर यातलीच एक घ्या.

दुसरी कॅपची. बाजूला घोडा असतो आणि निपलवर, म्हणजे नळीत आग नेणाऱ्या छोट्या पोकळ नळकांडीवर, तांब्याची छोटी टोपी (कॅप) बसते. ही दिसायला सुंदर आणि वापरायलाही फार अवघड नाही. पण पेनसिल्व्हेनियात ती ऑक्टोबरात चालते आणि नाताळनंतर चालत नाही, त्यामुळे इथल्या माणसाला पहिली बंदूक म्हणून मी ती सुचवत नाही.

तिसरी चकमकीची. घोड्याच्या जबड्यात चामड्यात धरलेला गारगोटीचा तुकडा फ्रिझनवर, म्हणजे समोरच्या पोलादी पट्टीवर, आपटतो. ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकेवर, म्हणजे बारीक दारूवर, पडतात आणि तिथून आग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, नळीत जाते. आपल्या गडांवरच्या तोफांना रंजक आणि कान हेच शब्द आहेत. चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत एक क्षण जातो, आणि त्या क्षणात नेम न हलवता थांबणं हीच सगळी विद्या आहे. शिकायला वेळ लागतो, पण पेनसिल्व्हेनियात एकच बंदूक घ्यायची असेल तर माझं मत हिलाच. ही दोन्ही हंगामांत चालते.

४. कॅलिबर आणि नळीचा पीळ

कॅलिबरचा फार विचार करू नका, .५० घ्या. दारू, गोळ्या, पॅच (गोळीभोवती गुंडाळायचे कापडाचे तुकडे), सगळं दुकानात याच मापाचं सहज मिळतं. .५४ जड आणि उत्तम आहे, पण सामान शोधावं लागतं.

पिळाकडे मात्र नीट लक्ष द्या. नळीतले आटे किती इंचात एक फेरा पूर्ण करतात त्यावर कुठली गोळी सरळ जाईल ते ठरतं. साठ-सहासष्ट इंचांत एक फेरा असा सैल पीळ कापडात गुंडाळलेल्या गोल शिशाच्या गोळीसाठी. २८ इंचांत एक असा घट्ट पीळ लांबट गोळी किंवा सॅबोसाठी, आणि बहुतेक इनलाइन बंदुकांत हाच असतो. ४८ इंचांत एक हा मधला मार्ग. त्यातून गोल गोळी चांगली जाते आणि लांबटही बऱ्यापैकी. ट्रॅडिशन्सची चकमकीची डीअरहंटर आणि थॉम्पसन सेंटरची जुनी हॉकेन या ४८ च्या. लायमनची ग्रेट प्लेन्स ६० ची, म्हणजे गोल गोळीची. घट्ट पिळाच्या नळीतून भरपूर दारूने गोल गोळी मारली की ती भरकटते, आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. पिळाचा आकडा बहुधा नळीवरच कोरलेला असतो. तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

५. हातात घेऊन पाहा

डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग डोळे उघडा. मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आली नाही, मान वाकडी करावी लागली, तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांना लांब दस्ते त्रास देतात. हे हिवाळ्याचं जाडजूड जॅकेट घालून तपासा, कारण जंगलात तुमच्या अंगावर तेच असणार. हॉकेन धर्तीच्या दस्त्याची मागची बाजू चंद्रकोरीसारखी असते. ती खांद्याच्या खळगीत टेकवली तर बार हाडावर बसतो, म्हणून थोडी बाहेर, दंडाच्या वळणावर टेकवायची.

चकमकीची असेल तर दुकानात परवानगी घेऊन, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, अंधाऱ्या कोपऱ्यात घोडा पाडून पाहा. ठिणग्या जाड, पिवळ्या आणि थेट वाटीत पडायला हव्यात. चार-दोन लालसर ठिणग्या इकडेतिकडे उडाल्या तर फ्रिझन मऊ आहे किंवा चकमक बोथट. चकमक बदलून पुन्हा पाहा.

६. जुनी घेत असाल तर

जुन्या बाजारात चांगल्या बंदुका मिळतात. माझी चकमकीची तशीच मिळाली. पण एक गोष्ट आधी करा: ती भरलेली नाही ना ते तपासा. भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेली बंदूक भरलेली निघाल्याचे प्रकार घडतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर तिला वय नसतं. नळीचं तोंड स्वतःपासून आणि माणसांपासून दूर धरा आणि गज हलकेच आत सोडा. रिकाम्या नळीत धातूचा गज तळाला आपटून खणकन वाजतो. भरलेलीत 'थप्प' असा मेलेला आवाज येतो. मग गजावर तोंडाशी बोटाने खूण धरा, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून पाहा. टोक कानापर्यंत पोचायला हवं. दोन-अडीच इंच अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. तिला तसंच खाली ठेवा आणि जाणकार बंदूक कारागिराला बोलवा.

रिकामी निघाली की नळीत छोटा दिवा सोडून आटे पाहा. वरवरचा तांबूस थर पुसून जातो, पण खड्डे जात नाहीत. कान मोठा झालेला, घोडा अर्ध्यावर थांबत नाही, दस्त्याला मनगटापाशी तडा: यातलं एकही दिसलं तर स्वस्त असली तरी सोडून द्या.

७. दारू आणि साहित्य

सगळ्यात मोठा धोका इथे आहे. बिनधुराची आधुनिक दारू, म्हणजे काडतुसांत भरतात ती स्मोकलेस पावडर, साध्या ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरही घालायची नाही. नळी फुटते, बोटं जातात, डोळे जातात. फक्त काळी दारू किंवा डब्यावर स्पष्ट लिहिलेला तिचा पर्याय वापरा.

पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन आणि ब्लॅकहॉर्न २०९ हे असे पर्याय इनलाइनला चालतात. चकमकीला ते रुसतात, कारण त्यांना पेट घ्यायला जास्त उष्णता लागते आणि रंजकेची आग तेवढी नसते. चकमकीच्या बंदुकीला खरी काळी दारूच हवी: नळीत टू-एफ किंवा थ्री-एफ, वाटीत बारीक फोर-एफ (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक). ती मोठ्या दुकानांत बहुधा ठेवत नाहीत. छोट्या, जुन्या दुकानांत विचारा किंवा दोन-तीन मित्र मिळून मागवा, कारण ज्वालाग्राही मालाचा पाठवणीखर्च वेगळा पडतो. विमानातून काळी दारू किंवा कॅप नेता येत नाहीत, सामानात टाकूनही नाही.

चकमकीच्या .५० साठी माझी यादी:

- .४९० ची शुद्ध शिशाची गोल गोळी, वजन साधारण १८० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं फार छोटं एकक)
- .०१५ जाडीचे सुती पॅच आणि वंगण
- दारूचं माप. हे आकारमानाचं असतं, तराजूचा वापर नाही
- गोळी सुरू करायचा आखूड दट्ट्या आणि मजबूत गज
- वाटीत रंजक टाकायची छोटी कुपी, कान साफ करायची तार
- दोन-तीन जास्तीच्या चकमकी, त्या धरायला चामडं, स्क्रू-ड्रायव्हर
- अडकलेली गोळी काढायचा स्क्रू. दारू घालायला विसरून नुसती गोळी ठासली जाते, सगळ्यांकडून एकदा तरी
- डोळ्यांचा चष्मा, कानांना संरक्षण, नारिंगी जॅकेट आणि टोपी

८. मैदानावर

दारू थेट डब्यातून किंवा दारू ठेवायच्या शिंगातून नळीत ओतू नका. आधीच्या बाराचा निखारा आत राहिला असेल तर अख्खा डबा हातात पेटतो. आधी मापात, मापातून नळीत. मग गोळी दारूवर घट्ट टेकेपर्यंत ठासा. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. पहिल्यांदा नीट भरली की गजावर नळीच्या तोंडाशी चाकूने खूण करा. पुढे प्रत्येक वेळी ती खूण तिथेच यायला हवी. खूण वर राहिली तर गोळी अडकली किंवा दोनदा भरली गेली, खाली गेली तर दारू राहिली.

सुरुवात ६० ग्रेन टू-एफने, २५ यार्डांवर, टेकू घेऊन. पाच-पाच ग्रेन वाढवत जा आणि प्रत्येक बारानंतर नळीत ओला आणि मग कोरडा पॅच फिरवा. बंदुकीच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा ओलांडायची नाही. माझी बंदूक ७५ वर स्थिरावली.

उडालेले पॅच उचलून पाहा. ते थोडं पुढे जमिनीवर पडलेले असतात. मधे गोल काळा डाग आणि कडा शाबूत असल्या तर सगळं ठीक. मधोमध जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी. चिरे पडले असतील तर नळीच्या तोंडाशी किंवा आट्यांना धार आहे. मला पहिल्या दिवशी सगळे पॅच चाळणी झालेले मिळाले. कापड जाड घेतलं आणि पुढच्या शनिवारी तीच बंदूक कागदी ताटलीच्या आत गोळ्या टाकू लागली.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर बंदूक खांद्यावरून उतरवू नका, तोंड लक्ष्याकडेच ठेवा आणि किमान एक मिनिट थांबा. फुसका वाटलेला बार उशिरा उडू शकतो.

चकमकीच्या, साध्या माशीच्या बंदुकीने मी पन्नास यार्डांपलीकडच्या हरणावर नेम धरत नाही. टेकू न घेता तुमच्या पाचही गोळ्या जितक्या अंतरावर ताटलीत पडतात तेवढीच तुमची मर्यादा. हरीण बाजूने उभं असेल तेव्हाच, पुढच्या पायाच्या मागे, खालच्या तिसऱ्या भागात. जखमी होऊन रात्रभर तडफडणारं जनावर मागे सोडण्यापेक्षा रिकाम्या हाताने परतावं.

९. जंगलात आणि परत घरी

माझ्या पहिल्या जानेवारीत धुकं होतं. झाडाला टेकून दोन तास बसलो होतो. मादी चाळीस यार्डांवर आली, थांबली, बाजू दिली. चाप ओढला. वाटीत नुसता 'फुस्स' आणि एक धुराची वळी. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि चालत निघून गेली, पळालीही नाही. वाटी उघडून बघितली तर रंजकेचा काळा चिखल झाला होता. दमट हवेत दारू पाणी ओढते, आणि मी सकाळपासून ती बदलली नव्हती. आता दर अर्ध्या तासाने वाटी, फ्रिझन आणि चकमकीची धार कोरड्या फडक्याने पुसतो, नवी रंजक टाकतो आणि कुलपावर, म्हणजे घोडा-वाटीच्या यंत्रणेवर, मेण लावलेलं चामड्याचं टोपडं ठेवतो.

गाडीत बसण्याआधी वाटीतली रंजक काढा, इनलाइन असेल तर प्रायमर काढा. भरलेली बंदूक गाडीतून नेण्याबद्दल प्रत्येक राज्याचे नियम आहेत, तेही त्याच पुस्तिकेत मिळतात. थंडीतून गरम घरात आणलेल्या नळीला आतून दव धरतं, म्हणून दिवस संपला की सुरक्षित जागी बार काढून ती रिकामी करा.

आणि एक बार जरी काढला असेल तरी त्याच रात्री साफ करा. काळ्या दारूचा काळपट थर हवेतलं पाणी ओढून एका रात्रीत गंज धरतो. कान काडीने बंद करा, नळीत कोमट साबणाचं पाणी भरा, ओता, पुन्हा भरा. पाणी आधी शाईसारखं येतं, मग राखाडी. पॅच पांढराशुभ्र बाहेर येईपर्यंत फिरवत राहा, पूर्ण वाळवा आणि हलका तेलाचा हात द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एक कोरडा पॅच फिरवा. तांबूस आला तर परत पहिल्यापासून.